पुस्तकातला पॅटर्न आणि जनरल चोई

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होते. घर म्हणजे उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. सेकंड इयरची परीक्षा संपली होती, रिझल्ट लागायचा होता आणि घरी नुसतं बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी तायक्वांदोचा क्लास लावला. क्लास मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी साडेसहाला. हॉस्टेलवर आठच्या लेक्चरला पावणेआठला उठणारी मी साडेसहाला पांढरा डोबोक घालून रांगेत उभी राहायचे, हेच आमच्या घरातलं आठवं आश्चर्य होतं.

पण तीन दिवस मला पुरेनात. क्लासमधल्या एका सीनियर दादानं मला एक जाडजूड पुस्तक दिलं. मूळ पुस्तक नव्हे, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार : झेरॉक्स मारून स्पायरल बाइंडिंग केलेलं. पहिलं पान फाटलेलं, फोटो काळे पडलेले. पण आतला मजकूर बघून मी खूश झाले, कारण ते पुस्तक म्हणजे अगदी इंजिनीअरिंग ड्रॉइंग होतं. जमिनीवर ए, बी, सी, डी अशा दिशा आखलेल्या. कुठला पाय कुठे ठेवायचा त्याचा टॉप व्ह्यू. दोन पावलांमध्ये अंतर किती, तर खांद्याच्या रुंदीच्या दीडपट. मूठ किती उंचीवर, वजन कुठल्या पायावर किती टक्के, सगळं दिलेलं. फर्स्ट इयरला ड्रॉइंगला रडलेली मी, इथे मात्र फरशीवर खडूनं रेघा मारून रोज दुपारी प्रॅक्टिस करायला लागले. पुस्तकातला पहिला पॅटर्न होता चॉन-जी, एकूण १९ हालचाली. दोन आठवड्यांत पाठ झाला.

मग आली यलो बेल्टची परीक्षा. आम्ही आठ जण रांगांमध्ये उभे. सरांनी सुरू करायला सांगितलं. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, एक पाऊल पुढे आणि पंच. उजवीकडे मागे वळून पुन्हा तेच. मग समोर वळून ब्लॉक. इथपर्यंत सगळं ठीक, फक्त माझी पावलं बाकीच्यांपेक्षा बरीच लांब पडत होती. सहाव्या हालचालीला मी पुस्तकाप्रमाणे जोरात एक पाऊल पुढे टाकून पंच मारला. बाकी सगळ्यांनी जागेवरूनच मारला होता. मी थेट पुढच्या रांगेतल्या सातवीतल्या मुलाच्या पाठीवर! तो पडला, मी पडता पडता वाचले आणि मागे बसलेले सगळे पालक हसले. सरांनी मला बाजूला बोलावून एवढंच विचारलं की हे कुठून शिकलीस. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी पुस्तक चाळलं, हसले आणि म्हणाले की पुस्तक चुकीचं नाही, पण आपण हा तायक्वांदो करत नाही. यलो बेल्ट अर्थातच मिळाला नाही. केटी लागली म्हणा ना!

एकाच नावाचे दोन तायक्वांदो कसे असू शकतात, हे मला कळेना. ज्यानं हे पुस्तक लिहिलं त्याला क्लासमधले पॅटर्न माहीत नव्हते की क्लासवाल्यांना याचे? म्हणून मी लेखकाचा शोध घ्यायला बसले आणि सुट्टीचे उरलेले दिवस त्यातच गेले. त्या लेखकाचं नाव होतं जनरल चोई हाँग-ही. ज्या कलेला आज जग तायक्वांदो म्हणतं तिला ते नाव देणारा हा माणूस. त्यांची गोष्ट मला आपल्या मॅगझिनमध्ये सांगाविशी वाटली, म्हणून हा लेख. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

चोई यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९१८ चा, म्यांगचॉन भागातल्या ह्वादे गावचा. हे गाव आज उत्तर कोरियात येतं. तेव्हा उत्तर-दक्षिण असं काही नव्हतं, अख्खा कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. चोई लहानपणी अगदी किरकोळ आणि आजारी मुलगा. त्यात शाळेत असताना जपानी सत्तेविरुद्धच्या चळवळीत पडल्यामुळे त्यांना शाळेतून काढून टाकलं. मग वडिलांनी त्यांना हान इल-दोंग नावाच्या गुरूंकडे सुलेखन शिकायला पाठवलं. सुलेखन म्हणजे ब्रश आणि शाईनं अक्षरं काढायची कला. चोई यांच्या सांगण्याप्रमाणे हे गुरू ताक्क्यॉन या जुन्या कोरियन पायांच्या खेळातही तयार होते आणि मुलाची तब्येत बघून त्यांनी त्याला त्याचे थोडे धडे दिले. काही अभ्यासकांना ही ताक्क्यॉनची गोष्ट पटत नाही. सुलेखन मात्र शेवटपर्यंत त्यांच्या सोबत राहिलं. सैन्यात जनरल झाल्यावरसुद्धा ते ब्रश घेऊन बसत.

१९३७ मध्ये शिक्षणासाठी ते जपानमध्ये क्योटोला गेले. जायच्या आधी एक भानगड झाली. जुगारावरून त्यांचं एका पैलवानाशी भांडण झालं आणि त्या पैलवानानं हातपाय तोडून ठेवण्याची धमकी दिली. अंगानं एवढ्याशा या मुलाला ती धमकी चांगलीच लागली. क्योटोला त्यांना एक कोरियन माणूस भेटला, तो कराटे शिकवायचा. चोईंनी त्याच्याकडे शिकायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट मिळवला. पुढे टोकियोला कॉलेजात असताना शोटोकान कराटेचं शिक्षण चालू ठेवलं आणि दुसरी डिग्री घेतली. रस्त्यातला दिव्याचा खांब दिसला की तो पैलवान समजून त्यावर लाथा मारायची त्यांना सवय लागली होती, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आपल्याकडे व्हायवाच्या आदल्या रात्री एक्स्टर्नलचा चेहरा डोळ्यांसमोर आणून अभ्यास करतात, तसंच काहीसं.

पण यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. ज्या जपाननं त्यांचा देश गिळला होता, त्याच जपानच्या राजधानीत ते जपानी कला शिकत होते. शोटोकानचे संस्थापक फुनाकोशी हे मूळचे ओकिनावा बेटावरचे. त्यांनी १९२२ मध्ये कराटे टोकियोला आणलं आणि त्यावर पुस्तकं लिहिली. शोटो हे त्यांचं कविता लिहिण्याचं टोपणनाव होतं. पुढे चोईंनीही आपल्या पॅटर्नना स्वतःचं टोपणनाव दिलं, चांग-हॉन. गुरूची कला परकी असली तरी तिची रीत त्यांच्यात उतरली होती, हे यावरून दिसतं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि कोरियन विद्यार्थ्यांना जबरदस्तीनं जपानी सैन्यात भरती करायला लागले. चोईही त्यात सापडले आणि प्याँगयाँगला त्यांची नेमणूक झाली. (त्याच युद्धासाठी ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांचा ट्रान्झिट कॅम्प उभारला होता. त्याच बराकींचं पुढे उल्हासनगर झालं. आमच्या पत्त्यातला ‘कॅम्प नंबर तीन’ हा शब्द तिथूनच आलाय.) तिथल्या कोरियन विद्यार्थी-सैनिकांनी जपानी सैन्यातून निसटून स्वातंत्र्यासाठी लढायचा बेत केला. तो फुटला. बेत आखणाऱ्यांपैकी एक म्हणून चोई पकडले गेले आणि तुरुंगात गेले. कोठडीत एकट्यानं बसून वेड लागू नये म्हणून त्यांनी व्यायाम सुरू केला. ना गुरू, ना पुस्तक, ना जागा. जे अंगात मुरलं होतं तेवढंच. हळूहळू बरोबरचे कैदी शिकायला लागले आणि त्यांच्या आठवणींनुसार शेवटी पहारेकरीसुद्धा! त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली होती. पण ऑगस्ट १९४५ मध्ये जपाननं शरणागती पत्करली आणि ते सुटले.

स्वातंत्र्य आलं, पण देश ३८ अंश अक्षांशावर दोन तुकडे होऊन. चोईंचं गाव उत्तरेत राहिलं आणि ते दक्षिणेत. जानेवारी १९४६ मध्ये ते दक्षिण कोरियाच्या नव्या सैन्यात सेकंड लेफ्टनंट झाले आणि लगेच आपल्या शिपायांना शिकवायला लागले. मग १९५० ते १९५३ चं कोरियन युद्ध झालं. त्यानंतर जेजू बेटावर त्यांनी नवी २९ वी इन्फंट्री डिव्हिजन उभी केली. अख्खी डिव्हिजन हाताखाली, म्हणजे एका वेळी हजारो विद्यार्थी. एवढा मोठा क्लास जगात दुसऱ्या कुठल्या शिक्षकाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

१९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर सैनिकांचं प्रात्यक्षिक झालं. चोईंचे सहकारी नाम ते-ही यांनी एका ठोशात कौलांची चळत फोडली, १३ कौलं. ते पाहून राष्ट्राध्यक्ष खूश झाले आणि हे तर आपलं ताक्क्यॉन आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. आता पंचाईत झाली. सैनिक करत होते ते बरंचसं कराटेच होतं. पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या प्रमुखाला हे जपानी आहे असं कोण सांगणार? चोई शब्दकोश घेऊन बसले. सुलेखनाचा अभ्यास इथे कामाला आला. ताक्क्यॉनच्या उच्चाराजवळ जाणारी दोन चिनी अक्षरं त्यांनी शोधली. ‘ते’ म्हणजे पायानं मारणं, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ. पुढे ‘दो’ म्हणजे मार्ग. ११ एप्रिल १९५५ ला एका बैठकीत हे नाव मान्य झालं. तरी सगळ्यांनी ते लगेच घेतलं नाही. वेगवेगळ्या आखाड्यांची आपापली नावं होती. १९६१ मध्ये तर संघटनेनं ते-सू-दो असं दुसरंच नाव धरलं. १९६५ मध्ये चोई त्या संघटनेचे अध्यक्ष झाले, तेव्हा कुठे तायक्वांदो परत आलं.

पण नुसतं नाव बदलून कला आपली होत नाही, हे चोईंना माहीत असणार. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन नवे पॅटर्न बांधायला घेतले. माझ्या झेरॉक्समधला सगळ्यात भारी भाग हाच आहे. प्रत्येक पॅटर्नला कोरियाच्या इतिहासातलं एक नाव आहे आणि बऱ्याच पॅटर्नमधल्या हालचालींच्या संख्येलासुद्धा अर्थ आहे. जुंग-गुन हा पॅटर्न आन जुंग-गुन यांच्या नावाचा. त्यांनी १९०९ मध्ये हार्बिन स्टेशनवर जपानच्या इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या आणि १९१० मध्ये ते फासावर गेले. आपल्याला चापेकर बंधू, तसे कोरियाला आन. या पॅटर्नमध्ये ३२ हालचाली आहेत, त्यांच्या वयाच्या म्हणून. साम-इलमध्ये ३३, कारण १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या. युल-गोक या तत्त्वज्ञाच्या पॅटर्नमध्ये ३८, त्यांच्या जन्मगावाच्या अक्षांशाइतक्या. ह्वा-रांगमध्ये २९, त्या २९ व्या डिव्हिजनसाठी. आणि चुंग-मू हा ॲडमिरल यी सुन-शिन यांचा. तो डाव्या हाताच्या हल्ल्यावर संपतो. ॲडमिरलना आपली पूर्ण ताकद दाखवायच्या आधीच मरण आलं, त्याची ती खूण.

म्हणजे विचार करा. ज्या देशातल्या मुलांना शाळेत आपल्याच भाषेत शिकू दिलं जात नव्हतं, त्या देशाचा इतिहास या माणसानं हातापायांत लिहून ठेवला. आपल्याकडे शाहिरांनी पोवाडे केले, यांनी पॅटर्न केले. जर्मनीतला किंवा ब्राझीलमधला एखादा मुलगा कोरियाचं एक अक्षर न वाचता ३२ हालचाली करतो आणि नकळत आन जुंग-गुनचं वय मोजतो.

आता पुस्तकांबद्दल. चोईंचं पहिलं तायक्वांदोचं पुस्तक १९५९ मध्ये कोरियन भाषेत आलं. १९६५ मध्ये इंग्रजीतलं आलं आणि त्यानं मोठा फरक पडला, कारण कोरियन न येणारा माणूससुद्धा आता ही कला वाचू शकत होता. त्या १९६५ च्या पुस्तकात नव्या पॅटर्नबरोबर कराटेचे जुने काटासुद्धा दिले होते. कर्ज कुठून घेतलं ते त्यांच्याच पुस्तकात नोंदवलेलं आहे. पुढच्या पुस्तकांतून ते गेले.

आपल्या ब्रँचवाल्यांना आवडेल असाही एक भाग त्यांच्या पुस्तकांमध्ये आहे : ताकदीचा सिद्धांत. त्यात सहा गोष्टी दिल्यात : प्रतिक्रिया बल, एकाग्रता, तोल, श्वास, वस्तुमान आणि वेग. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, हे अकरावीचं सूत्र ते लाथेला लावतात. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, पण वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून लहान चणीच्या माणसानं वेगावर काम करावं. एकाग्रता म्हणजे तेवढंच बल कमी क्षेत्रफळावर आणणं. म्हणून पंच पूर्ण मुठीनं मारायचा नाही, पहिल्या दोन बोटांच्या उंचवट्यांनी मारायचा. हे वाचताना मला तो क्योटोचा किरकोळ मुलगा आणि तो पैलवान सारखे आठवत होते. एवढ्या मोठ्या माणसासमोर एवढासा माणूस कसा उभा राहील, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला आणि उत्तर पुस्तकात लिहून ठेवलं.

१९६१ मध्ये दक्षिण कोरियात पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. चोईंचं त्यांच्याशी पटत नव्हतं. १९६२ मध्ये चोईंना सैन्यातून बाजूला करून मलेशियात राजदूत म्हणून पाठवलं. दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. चोईंनी तिथेही तायक्वांदो सुरू केला आणि उरलेल्या वेळात पॅटर्नवर काम केलं. परत आल्यावर २२ मार्च १९६६ ला सोलमध्ये नऊ देशांना घेऊन त्यांनी आंतरराष्ट्रीय तायक्वांदो फेडरेशन, म्हणजे आयटीएफ, स्थापन केली. पण सरकारला ही कला आपल्या हातात हवी होती आणि चोई कुणाच्या हाताखाली राहणारे नव्हते. शेवटी १९७२ मध्ये त्यांनी देश सोडला आणि कॅनडात टोरांटोला राहायला गेले. फेडरेशनचं ऑफिसही बरोबर नेलं.

आणि इथे माझ्या यलो बेल्टच्या कोड्याचं उत्तर आहे. चोई गेल्यावर १९७३ मध्ये सोलमध्ये नवी संघटना निघाली, जागतिक तायक्वांदो फेडरेशन. तिनं चोईंचे पॅटर्न घेतलेच नाहीत. तिचे पूमसे वेगळे, सुरुवातीचे आठ तेगुक नावाचे. स्पर्धेत छातीवर गार्ड आणि चेहऱ्यावर मुठीनं मारायला बंदी, तर चोईंच्या पद्धतीत डोक्यावर पंच चालतो. ड्रेससुद्धा वेगळा : यांचा डोक्यातून घालायचा, त्यांचा समोरून उघडणारा. चालण्याची स्थिती असं दोघंही म्हणतात, पण यांच्यात ती रोज चालतो तेवढी आखूड आणि चोईंच्या पुस्तकात लांब. हाच नवा तायक्वांदो १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून आणि २००० मध्ये सिडनीला पदकाचा खेळ म्हणून आला. आमच्या क्लासमध्ये शिकवतात तो हाच. मी परीक्षेत सुरुवात तेगुक एकनं केली खरी, पण पाय टोरांटोच्या जनरलचे होते! त्यातही गंमत बघा : दोन्ही पॅटर्नच्या पहिल्या पाच हालचाली जवळजवळ सारख्याच. फरक पडतो सहावीला. दोन भाऊ एकाच घरातून निघून पहिल्या नाक्यावर वेगळे झाल्यासारखे.

दक्षिण कोरियात चोईंचं नाव हळूहळू पुसलं गेलं. नाव त्यांनी दिलं, पण तिथल्या इतिहासात तेच नव्हते. मग १९८० मध्ये त्यांनी असं काही केलं की त्यांचे अनेक जुने शिष्यही त्यांना सोडून गेले. ते आपल्या पथकासह उत्तर कोरियाला गेले आणि तिथे तायक्वांदो शिकवायला सुरुवात केली. दक्षिणेच्या दृष्टीनं हा सरळ सरळ देशद्रोह. १९८५ मध्ये फेडरेशनचं मुख्यालय व्हिएन्नाला गेलं आणि उत्तर कोरियाचा आधार वाढत गेला. त्याच काळात को-दांग हा पॅटर्न काढून त्या जागी जुचे नावाचा पॅटर्न आला. को-दांग हे उत्तरेतल्या चो मान-शिक या राष्ट्रवादी नेत्याचं टोपणनाव. त्यांना तिथल्या कम्युनिस्टांनीच स्थानबद्ध केलं होतं. आणि जुचे हे तर उत्तर कोरियाच्या राज्यकर्त्यांच्या विचारसरणीचं नाव.

हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवस ज्या माणसाच्या प्रेमात होते त्यानं पॅटर्नमधून एका कैद्याचं नाव काढून कैद करणाऱ्यांचं घातलं. ज्या कारणासाठी त्यांनी ते पॅटर्न बांधले होते त्याच्याच हे उलट नाही का? मी पुस्तक दोन दिवस उघडलं नाही.

तेव्हा मला आमच्या शेजारचे आजोबा आठवले. सिंधी आहेत, सगळी गल्ली त्यांना दादा म्हणते. फाळणीत सक्करहून आईबापांबरोबर आले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आमच्या गावात अशी जवळजवळ लाखभर माणसं लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये येऊन राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या कॅम्पचं उल्हासनगर झालं. दादांना चोईंची गोष्ट सांगितली आणि विचारलं की तुम्हाला कुणी सक्करला नेलं असतं, पण कुणाच्या तरी पाया पडायची अट घातली असती, तर? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की तिथलं पाणी प्यायला मिळणार असेल तर माणूस कुठल्याही दारात वाकतो, पण वाकल्यावर ताठ होतो की नाही ते त्याचं त्याला माहीत. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. चोईंचं गाव उत्तरेत होतं. त्यांना कला सगळ्या कोरियाची करायची होती, हेही खरं. को-दांगचं नाव पुसलं गेलं, हेही खरं. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर मांडावं लागतं.

१९८३ मध्ये त्यांचा १५ खंडांचा तायक्वांदो ज्ञानकोश आला. कलेतली प्रत्येक हालचाल फोटो आणि आकृत्यांसह. माझी झेरॉक्स याच कामातून निघालेल्या पुस्तकाची आहे. आपल्याला वाटेल की एवढं लिहिल्यावर माणूस निवांत झाला असेल. पण झालं उलटंच. देशोदेशीचे लोक पुस्तकं वाचून आपापल्या परीनं शिकायला लागले आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळं व्हायला लागलं. फोटोत हालचालीचा शेवट दिसतो, मधला वेळ दिसत नाही. शरीर कधी वर उचलायचं, कधी खाली सोडायचं, श्वास कुठे सोडायचा, हे बाणांनी दाखवून कळत नाही. शिवाय ते स्वतःही तंत्रात सुधारणा करत होते, त्यामुळे जुनं पुस्तक असलेला मागे पडायचा. मग ऐंशी वर्षं उलटून गेल्यावरसुद्धा हा माणूस देशोदेशी फिरत सेमिनार घ्यायचा, ब्लॅक बेल्टवाल्यांना रांगेत उभं करून पहिल्या पॅटर्नपासून पाय दुरुस्त करायचा. ज्यानं पंधरा खंड लिहिले त्यालाच शेवटी प्रत्यक्ष जाऊन हात धरावा लागला.

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. पुस्तक की क्लास, असं ते नाहीच. क्लासमध्ये सर हात धरून दाखवतात, पण हे असं का, ते साडेसहाच्या घाईत सांगायला त्यांना वेळ नसतो. पुस्तक का ते सांगतं, पण आपला पाय वाकडा पडला तर ओरडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुस्तक कुठल्या घराण्याचं आहे हे बघूनच उघडावं. आपण नाही का, दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसचं लोकल ऑथर वाचून पेपरला जातो आणि मग सप्लिमेंटरीला हसतो!

चोई हाँग-ही १५ जून २००२ ला प्याँगयाँगमध्ये कॅन्सरनं वारले. त्यांना तिथेच पुरलं. त्यांच्या मागे त्यांच्या फेडरेशनचेही तुकडे झाले. पण पुढे एक चांगली गोष्ट घडली. २०१४ मध्ये दोन्ही तायक्वांदोंच्या संघटनांनी एकमेकांच्या स्पर्धांचा मान राखायचा करार केला आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या प्याँगचांगच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी उत्तरेचं आणि दक्षिणेचं पथक एकत्र प्रात्यक्षिकाला उतरलं. जुन्या जनरलला हे बघायला मिळालं नाही.

त्यांनी एकूण २४ पॅटर्न ठेवले. का, तर दिवसाचे तास २४ आणि अनंत काळापुढे माणसाचं आयुष्य एका दिवसाएवढंच, अशी त्यांची कल्पना होती. त्या एका दिवसात काहीतरी मागे ठेवून जावं म्हणून ही सगळी धडपड.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा परीक्षेला बसले. या वेळी तेगुक एक, आखूड पावलं, सहाव्या हालचालीला जागेवरूनच पंच. यलो बेल्ट मिळाला. परीक्षा संपल्यावर सरांनी मला थांबवलं आणि ते पुस्तकातलं चॉन-जी एकदा करून दाखव म्हणाले. सगळे घरी गेले होते. मी लांब पावलं टाकत १९ हालचाली केल्या आणि जिथून निघाले होते बरोबर तिथेच येऊन थांबले. सरांनी काही शेरा दिला नाही, फक्त माझा मागचा पाय हातानं धरून थोडासा बाहेर वळवला आणि पुन्हा कर म्हणाले.